डावा खिसा

पलंगावर बॅग आ वासून पडली होती आणि धाकटी डाव्या हाताने यादीवर काट मारत होती.

"हातमोजे झाले. लोकरीचे पायमोजे, सहा जोड, झाले. ओठांना लावायचं ते झालं. ताई, तिकडे म्हणे ओठ फार फुटतात. बर्फावरचा वारा वाईट."

"असेल," थोरली म्हणाली. "मला काय माहीत."

ती खाली चटईवर बसून स्वेटरांच्या वळकट्या करत होती. घडी जागा खाते, वळकटी कोपऱ्यातही मावते. घरात कोणीही प्रवासाला निघालं की बॅग भरायला थोरलीला बोलावणं जायचं. भावंडांच्या सहली, भाच्यांची वसतिगृहं, धाकटीचं सासरी जाणं, सगळं तिच्याच हातांनी बॅगेत बसलं होतं. स्वतःची बॅग तिने एकदाच भरली होती, आणि ती तिलाच पुन्हा रिकामी करावी लागली होती.

"आठ दिवस नुसता बर्फ," धाकटी म्हणाली. "खिडकी उघडली की बर्फ! ह्यांना तर आत्तापासूनच शिंका यायला लागल्यात."

बाहेरच्या खोलीतून मेहुण्यांचा आवाज आला, "तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम चालणार नाही. मागच्या वेळी हिने विमानतळावर सगळ्यांसमोर माझे लेंगे बाहेर काढले होते."

"तुमचे लेंगे बघायला कोणाला वेळ आहे!" धाकटी ओरडली आणि हसली. हसताना अजून तिच्या गालाला खळी पडत होती. सहासष्टाव्या वर्षी खळी. थोरलीने हातातला स्वेटर जरा जास्तच आवळून गुंडाळला.

"ताई, पुढच्या वेळी तुलाही नेऊ हं आपण."

"पुढच्या वेळी मी ऐंशीची असेन. मला या बॅगेतच घालून न्या. वळकटी करून."

धाकटी पुन्हा हसली. मग मान वाकडी करून, लहानपणी बाहुली मागताना करायची अगदी तशीच, तिने विचारलं, "आणलास?"

थोरली गुडघ्यांवर हात टेकून उठली. दाराआडच्या पिशवीतून तिने जुन्या चादरीत गुंडाळलेला कोट काढला. खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. करड्या लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा, मोठ्या काळ्या बटणांचा कोट. त्याचा रंग कणभर उतरला नव्हता. उतरणार कसा? वर्षातून एकदा थोरलीच्या गॅलरीत त्याला ऊन दाखवलं जाई, तेही उलटा करून.

"अगं बाई, नवाच आहे की!"

धाकटीने कोट अंगात चढवला. खांद्यात दाटेल, असं थोरलीला वाटलं होतं. दाटला नाही. बाह्या लांब होतील, असंही वाटलं होतं. झाल्या नाहीत. शिंप्याने जणू धाकटीचंच माप घेतलं होतं. धाकटी आरशापुढे एका बाजूने वळली, मग दुसऱ्या बाजूने.

"कशी दिसते?"

"कोट चांगला आहे," थोरली म्हणाली.

धाकटीने ऐटीत दोन्ही हात खिशांत घातले, म्हणजे घालायला गेली. हात आत जाईनात.

"हे काय? खिसे खोटे आहेत?"

"खोटे कशाला असतील? कच्चे टाके आहेत. खिशांचा आकार बिघडू नये म्हणून शिंपी घालून देतो. पहिल्यांदा घालाल त्या दिवशी उसवा, म्हणाला होता."

धाकटीचे हात होते तिथेच थांबले. आरशातूनच तिने बहिणीकडे पाहिलं.

"म्हणजे तू एकदासुद्धा..."

"मी निघणार त्याच आठवड्यात आई पडली ना. तुझं नुकतंच लग्न झालेलं. तू कशी राहणार होतीस तिच्यापाशी?" बसची वेळ सांगावी तसं थोरलीने सांगितलं.

"झालं का?" मेहुण्यांनी बाहेरून विचारलं. "काटा आणू?"

"थांबा हो जरा!" धाकटीने वरचं बटण सोडलं. "ताई, राहू दे हा. मी आणलंय ना एक जाकीट, तेच नेते."

"गप उभी राहा. काढू नकोस."

थोरलीने पर्समधून घडीची छोटी कात्री काढली आणि धाकटीपुढे खाली बसली. दोरा बेचाळीस वर्षांचा, पण पक्का होता. चष्मा कपाळावर सरकवून ती उजव्या खिशाचा एकेक टाका कापत गेली. शेवटचा टाका सुटला तेव्हा तिने दोऱ्याचे तुकडे वेचून तळहातावर घेतले. मग धाकटीच्या आधी स्वतःचा हात खिशात घातला. मनगटापर्यंत. आतलं अस्तर गुळगुळीत होतं, आणि गार. तिने हात बराच वेळ आतच ठेवला. धाकटी हलली नाही.

"हं. घाल आता."

धाकटीने उजवा हात घातला. "किती मऊ आहे गं आतून."

थोरली कात्री मिटवून उठायला लागली.

"आणि हा?"

"तो राहू दे."

"अगं ताई, मी डावखुरी आहे."

"तुला लिहायला मीच शिकवलंय," थोरली म्हणाली. "माहीत आहे मला."

तिने कात्री पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. आरशात धाकटी तशीच उभी होती. उजवा हात खिशात, आणि डावा हात शिवलेल्या खिशावर, बाहेरून.