छत्तीस तोफा

"पत्रं आज दुपारीच टाइप करून टाक. नदीपलीकडे गेल्यावर वेळ मिळायचा नाही," जनरल लूडेकिंग म्हणाले.

सत्तर पत्रं होती. 'आपला मुलगा शौर्याने लढता लढता धारातीर्थी पडला' हे सगळ्यांत सारखं, नाव तेवढं वेगळं. आणि हे सत्तर जण अजून जिवंत होते. गावच्या शाळेत गवतावर जखमी पडून ते गाड्यांची वाट बघत होते. गाड्या येणार नव्हत्या. रशियन फौज पाठीवर होती, अंधार पडायच्या आत डिव्हिजनला पूल ओलांडायचा होता, आणि होते नव्हते ते घोडे तोफांना जुंपले होते.

एकेचाळिसाव्या नावावर कॅप्टन हेनिंग ब्राकेलची बोटं थांबली. आर्न्ट ब्राकेल. त्याचा धाकटा भाऊ.

तो उठला, कोटाची बटणं लावली आणि जनरलसमोर टाचा जुळवून उभा राहिला.

"साहेब, एक घोडा मिळेल का? एकच. माझा भाऊ शाळेत आहे."

"एका तोफेला सहा घोडे लागतात, ब्राकेल. पाचांनी या बर्फात ती हलायची नाही. तोफ हरवली तर वरून जाब विचारतात. माणूस हरवला तर फक्त त्याची आई विचारते."

"पण साहेब..."

"तिच्यासाठीच तर पत्र आहे."

ब्राकेलने सलाम ठोकला. शिस्त हाडीमाशी खिळलेली, दुसरं काय करणार! त्याने भावाचं पत्र एकही चूक न करता टाइप केलं. जनरलने न वाचता सही केली.

छत्तीसच्या छत्तीस तोफा पार झाल्या आणि मागे पूल उडवला. महिन्याभराने जनरलच्या गळ्यात मानाचा क्रॉस पडला. 'माघारीतही एकही तोफ न गमावणारं असामान्य नेतृत्व' हे शिफारशीतलं वाक्य ब्राकेलचंच. मेजवानीला भाजलेला हंस होता. तोही त्याने खाल्ला. भूक मेली निर्लज्जच असते.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून निरोप आला. आर्न्ट जिवंत होता.

ब्राकेल धावतच पोहोचला. आर्न्टचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ब्राकेल त्याच्या उशाशी बसला आणि ढसाढसा रडला.

"कोणी आणलं रे तुला?"

"तोफखान्याच्या तिसऱ्या बॅटरीतल्या सार्जंटनं. मला तोफेवर टाकलं, पट्ट्यानं बांधलं. शेजारी आणखी एकाला. एका तोफेवर दोघं सहज मावतात, हेनिंग."

ब्राकेलचं रडणं थांबलं. त्याने मनाशी हिशेब केला. सगळे मावले असते.

"पण... जनरलसाहेबांनी परवानगी कशी दिली त्याला?"

आर्न्टने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्यानं मागितलीच नाही."