घडवणारा

पडद्यावरच्या मुडद्याची बोटं हलली आणि नर्सिंगच्या पोरी एकदम किंचाळल्या. खिडकीबाहेर उभा असलेला नवीनही दचकला. वाशिमजवळच्या मिशन दवाखान्याच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी जुना, काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लावला होता. नवीनला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण गोष्ट कळली. एका डॉक्टरनं मेलेल्यांचे अवयव शिवून माणूस केला. विजेनं त्यात जीव घातला. मग त्याचं तोंड पाहिलं, पाठ फिरवली आणि बाहेरून कडी लावून घेतली.

नवीन काही सिनेमा पाहायला आला नव्हता. तो वॉर्डातून पळून आला होता.

वॉर्डात त्याचा तीन दिवसांचा मुलगा होता. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळू फाटलेली. नवीननं एकदा पाहिलं, तेवढंच. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून त्याची आई हिरीबाई आली आणि कपाळावर हात मारून बसली. "पोटुशी असताना हिनं गिऱ्हानात वांगे चिरले," ती म्हणाली. झालं! ग्रहणाचा सगळा दोष सिझरच्या टाक्यांनी आडव्या पडलेल्या सुनेच्या, संगीताच्या माथी. पोराला अंगावर ओढता येत नव्हतं. संगीताचं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा, असं सिस्टरनं बजावलं होतं. कालच्या संध्याकाळपासून हिरीबाईनं चमचा पोराच्या ओठाला लावलाच नव्हता. "कायले जीव लावतं रे? उद्यालोक सुटंन बिचारं," ती नवीनच्या कानात म्हणाली होती. आणि नवीन? अहो, कसला हा बाप! संगीतानं विचारलं तेव्हा त्यानं "पाजलं ना" म्हणून सांगून टाकलं.

हॉलमध्ये पोरींना शिकवणाऱ्या मार्था सिस्टरनं सिनेमा थांबवला.

"बायबलातल्या देवानंही मातीचा माणूस केला, नाकात श्वास फुंकला. मग त्याच्यात आन ह्या डॉक्टरात फरक काय?"

तिनं पडद्यावरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

"देवानं जे केलं ते डोळे भरून पाह्यलं, आन चांगलं हाय म्हनला. ह्यानं तोंड फिरवलं. शिवला तवा तो राक्षस नव्हता, पोरींनो. कडी लावली तवा राक्षस जन्मला."

नवीननं खिडकी सोडली. तो तिथून धावतच सुटला. हिरीबाई व्हरांड्यात वाटी झाकून बसली होती.

"दे ते दूध."

"काहून? बावचळला का तू?"

त्यानं झाकण बाजूला सारलं. वाटी हिसकावून घेतली आणि तो आत गेला.

संगीता उठून बसली होती. टाके ओढले जाऊन तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पोराचं दुपटं सकाळपासून कोरडंच होतं, त्यावरून त्याला कोणी पाजलं नाही हे ती समजली होती. कापसाचा बोळा छातीशी दाबून, थेंब थेंब करून, ती पोराच्या फाटक्या ओठात दूध सोडत होती.

नवीन चमचा भरून पुढे झाला. तशी ती भिंतीला सरकली.

"त्या वाटीत काय हाय?"

तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं, आणि त्यानं चमचा परत वाटीत सोडला.

"दूध हाय, संगीता. तुहंच दूध."

ती हलली नाही. त्यानं वाटीतला एक घोट स्वतः पिऊन दाखवला. तरीही तिनं हात पुढे केला नाही. नवीन खाटेवर वाकला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरानंही डोळे किलकिले केले आणि बारीकसं कण्हलं.

संगीतानं पटकन पोरावर पदर ओढला आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

"भेऊ नको रे, बाळा," ती म्हणाली. "बाप हाय तुहा."