सात नंबरची जर्सी

क्लबच्या लॉन्ड्रीवाल्याला खेळावर बोलायला कुणी कधी बोलावलं नाही, म्हणून तो धुलाईच्या मशीनसमोर उभा राहून टीव्हीशीच भांडायचा. आज पडद्यावरचा सुटाबुटातला तज्ज्ञ सांगत होता, "सात नंबर अंग चोरून खेळला. मालकांनी त्याला काढलं ते बरंच केलं."

"अंग चोरून?" त्याने ढिगातून सात नंबरची जर्सी उपसली. कोपरापासून खांद्यापर्यंत चिखल, पाठीवर गवताचा हिरवा ओरखडा. मग तज्ज्ञाच्या लाडक्या नऊ नंबरची काढली. तिची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. "मालकाला खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि तू त्याच्या ताटाखालचं मांजर," असं म्हणून त्याने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सात नंबरचा निरोप समारंभ होता. त्याची ती शेवटची जर्सी मालकांनी काचेच्या चौकटीत घालून क्लबच्या दारातच लावायची ठरवली होती. लॉन्ड्रीवाल्याने ती वरवरची माती झटकून, कडक इस्त्री करून आणली.

मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, हे डाग?"

"तीनदा धुतली, साहेब. निघतच नाहीत."

फोटोवाले खोळंबले होते. जर्सी तशीच चौकटीत गेली. सात नंबर कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला.

बावीस वर्षांच्या नोकरीत लॉन्ड्रीवाल्याच्या हातून न निघालेले ते पहिलेच डाग होते.