एकोणीस वर्षं बंद

वडिलांच्या माघारी त्यांची गाडी कुणी घ्यायची, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं आणि गाडी एकोणीस वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली. शेवटी "आधी चालू तर करू, मग बघू" असं ठरलं, तेही मेकॅनिकमार्फत.

पहिला महिना थोरला गाडीखालून म्हणायचा, "त्यांना सांगा, पाना द्या." धाकटा पाना मेकॅनिकच्या हातात द्यायचा, मेकॅनिक थोरल्याच्या. चौथ्या महिन्यात "अरे गाढवा, उलटा फिरवतोयस" इथपर्यंत प्रगती झाली. सहाव्यात दोघं एकाच डब्यातून जेवू लागले.

शनिवारी गाडी एकदाची चालू झाली. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "माझं काम संपलं. आता ही कुणाच्या दारात उभी राहणार, ते उद्या ठरवून टाका."

रविवारी गाडी हूं की चूं करेना.

"काल तर चालत होती रे दादा," धाकटा म्हणाला.

"जुनी गाडी. भरवसा नाही," थोरला म्हणाला. मग मेकॅनिकला बाजूला घेऊन त्याने हळूच सांगितलं, "बॅटरीची वायर मीच काढलीय. बोलू नका."

 

"नाही बोलत," मेकॅनिक म्हणाला. "टाकीतलं पेट्रोल धाकट्यांनी काढून ठेवलंय, तेही बोलू नका म्हणालेत."