अंटार्क्टिकातली पाखरं

"आईच्या पिंडाला कावळा शिवत नाहीये रे. तिचा जीव तुझ्यातच अडकलाय, बोल काहीतरी," घाटावरून ताई फोनवर रडत होती.

अंटार्क्टिकाच्या तळावर हिवाळाभर कोंडलेल्या श्रीरंगने फोन प्रयोगशाळेतल्या रेडिओ-यंत्राच्या स्पीकरपाशी धरला. अवकाशातल्या ज्या लहरी इलेक्ट्रॉनांना वाटेवरून ढळवून हवेवर आदळवतात आणि आकाश हिरवं उजळवतात, त्या लहरी या यंत्रातून चिवचिवाटासारख्या ऐकू येत. "पाखरूही नसेल तिथे, कसा राहतोस?" असं आई विचारायची, तेव्हा तो हेच ऐकवायचा. ती निर्धास्त व्हायची.

"ऐक आई, पाखरं आहेत. मी मजेत आहे."

तासाभराने ताईचा निरोप आला. कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

स्पीकरमधला चिवचिवाट चालूच होता. बाहेर हिरव्या आकाशाखाली चिटपाखरूही नव्हतं.