एकतीस पाकिटं

दलालाने कागद टेबलावर सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं.

"इथे फक्त सही, मॅडम. जगात या गेमच्या दोनच प्रती उरल्यात, एवढंच लिहिलंय. गेम तुम्ही बनवलेला, तुमच्या शब्दाला वजन आहे."

बाईंनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. शाळेत गणित शिकवत असताना, चाळीस वर्षांपूर्वी, एका सुट्टीत त्यांनी हा कॉम्प्युटर गेम लिहिला होता. धाकट्या बहिणीने फ्लॉपीच्या प्रत्येक पाकिटावर हाताने चित्र काढलं होतं: गुहेच्या तोंडाशी कंदील धरलेली मुलगी. आता त्यातल्या एका पाकिटाचा ऑनलाइन लिलाव चालू होता. समोरच्या लॅपटॉपवरचा आकडा बाईंच्या तीन वर्षांच्या पेन्शनएवढा झाला होता.

"पाच वाजता लिलाव बंद होतो," दलाल म्हणाला. "तुमची सही पानावर चढली की आकडा दुप्पट. त्यातले दहा टक्के तुमचे."

धाकटी ओट्यापाशी कप विसळत होती. तिने नळ बंद केला.

"ताई, माझी कवळी होऊन वर उरतील."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दलालाकडे. "बोली कोण लावतंय?"

"दोन मोठे संग्राहक. इरेला पेटलेत दोघं."

बाईंनी आलेखाचा एक कागद पुढे ओढला. चार दिवस लिलावाच्या पानावर नजर ठेवून त्यांनी प्रत्येक बोलीची वेळ त्यावर मांडली होती.

"हे दोघं एक ते दोन जेवायला जातात. दोघंही. रविवारी दोघांनाही सुट्टी. आणि 'दुर्मीळ' हा शब्द दोघंही 'दुर्मळी' असा लिहितात." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी आली की मी दोघांनाही उभं करायची."

दलाल हसला. "धंद्यात थोडी हवा भरावीच लागते, मॅडम. यात नुकसान कुणाचंय?"

"ह्याचं."

पानावर तिसरं एक नाव होतं, 'बसवाला'. तो दर वेळी थोडी थोडी बोली वाढवायचा आणि काही मिनिटांत मागे पडायचा. प्रश्नांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: तिसऱ्या गुहेतलं दार या प्रतीत तरी उघडतं का? मी आणि माझी बहीण दोन वर्षं ते दार ठोठावत होतो. त्याच्याखाली त्याचाच दुसरा प्रश्न होता: हप्त्याने पैसे दिले तर चालतील का?

"ते दार उघडत नाही," बाई म्हणाल्या. "लिहिताना माझीच चूक झाली होती. पण ती माहीत असायला गेम खेळलेला असावा लागतो. तुमच्या त्या दोघांनी असलं काही विचारलं नाही."

दलालाचं हसू मावळलं. त्याने कागदाची घडी घातली. "सही नका करू. लिलाव काही थांबत नाही. प्रत माझी आहे. तुमच्या हाताला मात्र काही लागणार नाही."

बाई उठल्या. आतल्या कपाटातून त्यांनी एक खोका ओढत आणला आणि टेबलावर उपडा केला. पिवळी पडलेली पाकिटं घसरत लॅपटॉपपर्यंत गेली.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "दुकानदाराने परत पाठवलेली."

दलालाने एक पाकीट उचललं, उलटं करून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

"सगळी मी घेतो. आत्ताच्या आत्ता. तुम्ही म्हणाल तो भाव."

"एवढ्यांचं काय करणार?"

"एक ठेवीन."

"आणि बाकीची?" धाकटीने विचारलं.

दलालाची नजर ओट्यावरच्या काडेपेटीकडे गेली. धाकटीने त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. चित्रातल्या मुलीच्या फ्रॉकला तिने त्या सुट्टीत घरातल्या उरल्यासुरल्या शाया दिल्या होत्या, म्हणून प्रत्येक फ्रॉकचा रंग वेगळा होता. तिने हात पुसले आणि एकतीसही पाकिटं टेबलभर मांडली. मग फोन हातात घेतला.

"ताई, सरक जरा. उजेड अडतोय."

लिलावाच्या पानावर, प्रश्नांच्या रकान्यात फोटो चढला. त्याच्याखाली बाईंनी दोन बोटांनी टाइप केलं: हा गेम मी लिहिला. माझ्याकडे एकतीस प्रती आहेत. पाकिटावर छापलेली किंमत, टपालखर्च वेगळा. तिसऱ्या गुहेतलं दार उघडत नाही, त्याबद्दल माफी.

"हे काय करून बसलात तुम्ही," दलाल म्हणाला. त्याचा फोन वाजू लागला. त्याने तो न पाहता बंद केला.

साडेतीन वाजले होते. जेवणाची वेळ नव्हती, रविवारही नव्हता, तरी दोन्ही संग्राहक गप्प झाले. मग बसवाल्याची ओळ आली: एक माझ्यासाठी ठेवा. आणि लगेच दुसरी: दोन ठेवा, एक बहिणीला.

बाईंनी वहीत पहिलं नाव लिहिलं.

"पाचला लिलाव बंद होईलच," त्या वर न पाहता म्हणाल्या. "सगळ्यात मोठी बोली तुमच्याच माणसाची आहे. त्याच्याकडून घ्या पैसे."

दलाल उठला. दारापर्यंत गेला, चपला पायात सरकवल्या आणि तिथेच रेंगाळला. त्याची नजर टेबलावरून हलत नव्हती.

"हवी तर तुम्हालाही देते एक," बाई म्हणाल्या. "घासाघीस चालणार नाही."

दलालाने खिशातून पैशांचं पाकीट काढलं. त्यात सगळ्या मोठ्या नोटा होत्या. त्याने एक खिसा चाचपला, मग दुसरा. सुटे नव्हते.