उडीचं बटण

"गिऱ्हाईक म्हणतंय, प्रत्येक कॅसेट चालते का ते दाखवा," मास्तरांच्या शर्टाचं वरचं बटण लावत बायको म्हणाली. "नुसते फोटो नकोत. खेळतानाचा व्हिडिओ हवाय."

मास्तर हनुवटी वर करून उभे होते. उभा जन्म त्यांनी लोकांचे कपडे शिवले आणि आता स्वतःच्याच शर्टापुढे ते शाळेत निघालेल्या पोरासारखे उभे राहत. आजारपणात उजवा हात जो रुसला, तो रुसलाच. शिवणाचं दुकान तेव्हापासून बंद होतं.

"एवढ्या अटी असतील तर नाही म्हणून सांग त्याला," ते म्हणाले.

"दुकान बंद, निदान ही खोली मोकळी करून भाड्याने देऊ. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं हे खरं. म्हणजे बायकोने ठरवलं होतं आणि मास्तर गप्प बसले होते.

खोलीच्या तिन्ही भिंती जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींनी भरल्या होत्या. पहिल्या पगारात चपला घ्यायच्या सोडून मास्तरांनी गेमचा डबा घेतला होता आणि त्यावरून वडिलांची बोलणीही खाल्ली होती. पुढे कुणी भंगारात काढलेलं, कुणी माळ्यावर विसरलेलं असं एकेक जमवत गेले. याच खोलीत त्यांची मुलगी आधी बापाकडून हरायला शिकली आणि मग बापाला हरवायला. आता ती दूर नोकरीला होती. मास्तरांचा जीव त्या फळ्यांवर अडकला होता, पण दुकान बंद असलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने हट्ट धरायचा?

तसे ते हट्टाला कमी नव्हते. दवाखान्यातून एक मुलगी हाताचा व्यायाम करून घ्यायला यायची. तिने दाबायला रबरी चेंडू दिला होता. मास्तरांनी तिचं नाव चेंडूवाली ठेवलं. एक दिवस चेंडू खिडकीबाहेर भिरकावला आणि तिलाही दाराची वाट दाखवली. "मला काय कुकुलं बाळ समजलीस?" तेव्हापासून त्या घरात व्यायामाचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

पहिली कॅसेट लागली. पडद्यावरचा टोपीवाला पळत सुटला. डाव्या अंगठ्याने चालवायचं, उजव्याने उडी मारायची. टोपीवाला पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला.

"कॅसेटच बिघडलीय," मास्तर म्हणाले.

"मग बिघडलेली म्हणून विकू. निम्मेच येतील, दुसरं काय."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांची कॅसेट आणि बिघडलेली? त्यांनी ती काढली, फुंकली, पुसली, परत लावली आणि पुन्हा खड्ड्यात पडले. टोपीवाला पलीकडे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "उडीचं बटण मऊ पडलंय का, असं विचारलंय. आणि व्हिडिओत हात दिसू द्या म्हणे. नाहीतर लोक दुसऱ्याचाच पाठवतात."

"कोण हा उंटावरचा शहाणा?"

"आहे एक. भारी चिकित्सक आहे, पण घेणार नक्की."

मग रोज एक कॅसेट आणि रोज एक नवी खोट. विमानाच्या खेळात गोळ्या सलग सुटत नाहीत. गाडीच्या खेळात ब्रेक उशिरा लागतो. मास्तर त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि पुन्हा खेळत. अंगठा ठणकायचा. पण आपल्या मालाला नाव ठेवलेलं त्यांनी दुकानात कधी ऐकून घेतलं नव्हतं, ते आता काय घेणार?

दोघांनी खेळायचा खेळ निघाला तेव्हा बायकोने फोन उशीला टेकवला आणि दुसरा रिमोट हातात घेतला. तिची गाडी आयुष्यात कधी सरळ गेली नव्हती. ती उलटी धावली, कुंपणात घुसली आणि तिथेच अडकून भुंग्यासारखी गुरगुरत बसली. मास्तर हसले. बायको हसली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आजारपणानंतर या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना भरून आलं.

शेवटची कॅसेट झाली. खोकी भरून दाराशी लागली. रिकाम्या फळ्या मास्तरांना बघवेनात.

"विकायचं नाही," त्या दुपारी ते म्हणाले.

"अहो, पण आज घरी बोलावलंय मी!"

"येऊ दे. मी तोंडावर सांगतो. खोलीचं भाडं नाही आलं तर नाही आलं. तू आणि मी खेळू इथे."

बायको तोंड फिरवून भांडी घासू लागली. रागावली असणार, मास्तरांना वाटलं. मग वाईटही वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. मास्तर बनियनवर होते. असल्या खोडी काढणाऱ्या माणसासमोर शिंप्याने बनियनवर जायचं? ते तरातरा आत गेले, इस्त्रीचा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बंद केला, कॉलर बसवली. बोलायचं वाक्य मनात घोकलं. तुम्ही फार तसदी घेतलीत, पण माल विकायचा नाही.

त्यांनी दार उघडलं. दारात चेंडूवाली उभी होती.

"तू?" मास्तर म्हणाले. "आज आमच्याकडे गिऱ्हाईक यायचंय."

तिने खोक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मास्तरांच्या छातीकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या खांद्यावरून मागे, ओल्या हातांनी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"काकू," तिने हळूच विचारलं, "आज बटणं कुणी लावली?"